धुतलेला बर्फ

नोकरीच्या दुसऱ्या आठवड्यात मला वर्गातून पहिला प्रश्न आला. तोवर अकरावीची ती मुलं माझ्याकडे नुसती बघायची आणि मी त्यांच्या डोक्यांवरून मागच्या खिडकीकडे बघत शिकवायचे. मुखेडच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी भूगोल शिकवायला लागले होते, तासिका तत्त्वावर. त्या दिवशी फळ्यावर उत्तर अमेरिकेचा नकाशा होता आणि त्यात निळ्या खडूने भरलेली पाच मोठी सरोवरं. पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. देगलूरकडच्या एका खेड्यातून ती रोज एसटीने यायची आणि वर्गात कधी तोंड उघडायची नाही. त्यामुळेच मला ती आवडायची.

“मॅडम, याची भिंत कुठंय?”

“कशाची भिंत?”

“या तळ्याची. कुणी बांधलं हे?”

“कुणीच नाही. नैसर्गिक आहे.”

ती बसली, पण मी काहीतरी लपवते आहे असं तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. मागून एक मुलगा म्हणाला, “भिंतीबिगर पाणी थांबंल का कुठं?” आणि सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. मग पुस्तकातलं पुढचं वाक्य वाचून दाखवलं.

खोलीवर गेल्यावर लक्षात आलं की तिचं काहीच चुकलं नव्हतं. आमच्या भागात पाणी साठलेलं दिसलं की त्याला एका बाजूने भिंत असतेच. गावतळं असो, पाझर तलाव असो की धरण, कुणाच्या तरी आजोबांनी त्या कामावर पाट्या वाहिलेल्या असतात आणि घरात ते सांगितलं जातं. आपोआप झालेलं मोठं तळं मी स्वतःही कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्याकडे त्याचं फक्त इंग्रजी होतं.

शाळा मी इंग्लिश मीडियममध्ये शिकले. घरात मराठी, शाळेत इंग्रजी, आणि दोन्हीकडे कमीत कमी. पाहुणे आले की मी आतल्या खोलीत जायचे आणि आई त्यांना सांगायची, “ती अभ्यास करायली.” एम.एस्सी.पर्यंत भूगोल इंग्रजीतच झाला. आता मुखेडला रोज संध्याकाळी मी मराठी पाठ्यपुस्तकातले शब्द पाठ करायचे. हिमानी अपघर्षण. हिमोढ. हिमगव्हर. सकाळी ते न अडखळता म्हणायचे आणि मुलं ते न अडखळता लिहून घ्यायची. माझ्याही आणि त्यांच्याही डोळ्यांसमोर काही येत नसे.

सोमवारी प्राचार्यांनी बोलावलं. मोठ्या आवाजाचे, पण मनाने मऊ गृहस्थ. रागावायचं असलं की आधी चहा सांगायचे. त्यांनी चहा सांगितला.

“मॅडम, पोरं तक्रार करीत न्हाईत. उलट म्हणतेत, मॅडम लई चांगल्या हायत, कुणाला बोलत न्हाईत. पण मी वह्या बघितल्या. समदं लिहिलेलं हाय, अक्षर बी चांगलं हाय. अन् एकालाबी विचारलं तर सांगता येईना.”

मी कपाकडे बघत होते.

“शुक्रवारी मी मागं येऊन बसतो. जमलं तर चांगलंच. न्हाई जमलं तर पुढच्या सोमवारपासून हा तास आपल्या रिटायर्ड सरांकडं देऊ. ते नोट्स सांगतेत, पोरं पास होतेत. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.”

वाईट वाटलंच. तास गेला असता तर मी नांदेडला परत गेले असते आणि घरात कुणी एका शब्दाने मला बोललं नसतं. हिला बोलता येत नाही, हे सगळ्यांनी आधीच धरून ठेवलं होतं. मीसुद्धा. मुखेडची ही नोकरी ते खोटं ठरवायचा माझा एकटीचा प्रयत्न होता आणि त्याबद्दल मी कुणालाही काही सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी मी शब्द पाठ केले नाहीत. खोलीच्या फरशीवर बसून त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मराठीत, साध्या मराठीत, स्वतःला सांगून बघत होते. बर्फाने जमीन खरवडली. कशी खरवडली? बर्फ तर वितळतो. आणि तेव्हा मला आमच्या कारखान्याची फरशी आठवली.

आमचा म्हणजे पप्पा जिथे ऑपरेटर आहेत तो. जुन्या नांदेडातला बर्फाचा कारखाना. मी जन्मायच्या आधीपासून पप्पा तिथे आहेत. खाऱ्या पाण्याचा मोठा हौद, त्यात बुडवलेले पत्र्याचे लांब डबे, वर लाकडी झाकणं. खारं पाणी शून्याच्या खाली थंड करायचं, ते गोठत नाही, म्हणजे डब्यातलं गोडं पाणी त्यात दगड होतं. मग साखळीने डबा वर काढायचा, साध्या पाण्यात बुचकळायचा, तिरका करायचा, की माणसाएवढी लादी सुसाट फरशीवर येते. तिला लोखंडी आकडा अडकवून दारापर्यंत ओढत न्यायचं. दाराशी टेम्पो उभा.

वर्षानुवर्षं एकाच वाटेने लाद्या ओढल्यामुळे तिथल्या शहाबादी फरशीला पन्हळीसारखा चर पडला होता. दाराचा उंबरा मात्र आपल्याकडच्या काळ्या दगडाचा. त्याला काही झालेलं नव्हतं, नुसता गुळगुळीत झाला होता. त्यामुळे उंबऱ्याच्या अलीकडे, जिथे लादी थबकायची आणि उचलली जायची, तिथे फरशीत परातीएवढा खळगा तयार झाला होता. त्यात कायम पाणी. लहानपणी शाळा सुटल्यावर मी तिथे स्टुलावर बसायचे आणि त्या पाण्यात बाटलीची झाकणं सोडायचे. सोबत पप्पा असायचे, आणि आम्ही दोघंही तासभर काही बोलायचो नाही. मला आठवणारा सगळ्यात सुखाचा काळ तो. येणारा-जाणारा म्हणायचा, “बर्फानं फरशी खाल्ली बघा.”

महासरोवरांची सगळी गोष्ट त्या दारात होती. मऊ खडक खरवडला गेला, कठीण खडक काठ म्हणून उरला, आणि मधल्या खळग्यात बर्फाचंच पाणी साठलं. मी एम.एस्सी.ला त्यावर सेमिनार दिला होता आणि तेव्हा मला फरशी आठवली नव्हती.

मी पप्पांना फोन लावला.

“पप्पा, शुक्रवारी पाव लादी मिळेल का? कॉलेजला पाहिजे.”

“मिळंल की. कशाला?”

“असंच. प्राचार्य सर येणार आहेत.”

“अस्सं! मग मीच घेऊन येतो.”

नको म्हणायच्या आत त्यांनी फोन ठेवला. मी परत लावला नाही. एवढंच सांगायचं राहिलं होतं की लादी मला कशासाठी हवी आहे. पण ते सांगायचं तर सोमवारचा चहा सांगावा लागला असता, मुलांचं हसणं सांगावं लागलं असतं. आणि सांगण्यासारखं होतं तरी काय? कारखान्यातली लादी मी आयुष्यभर पाहिली होती. खाली वाळू, खडे, हमालांच्या चपलांची माती चिकटलेली. ती तशीच येणार हे मी धरून चालले.

शुक्रवारी सकाळी मी एसटी स्टँडवर गेले तेव्हा नांदेडची गाडी लागलेली होती आणि कंडक्टर मागच्या दाराशी पप्पांशी भांडत होता.

“ओ काका, पोतं म्हणलाव अन् आत काय आणलाव? समदी गाडी ओली झाली! त्या म्हातारीचे पाय बघा, गारठलेत.”

“अहो, त्याच म्हणल्या, बरं वाटायलंय म्हणून. विचारा की त्यास्नी.”

म्हातारीबाई खाली उतरता उतरता म्हणाल्या, “भांडू नकू रे बाबा. दोन तास एसीत बसल्यागत झालं.”

पप्पांनी मला पाहिलं आणि भांडण तिथेच सोडून दिलं. खांद्यावर बारदान्यात गुंडाळलेली लादी होती. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि त्याचा अर्धा भाग भिजून अंगाला चिकटला होता. “उशीर झाला का माय?” एवढंच ते म्हणाले. कॉलेजपर्यंत आम्ही नेहमीसारखे न बोलता चाललो.

माझी योजना अशी होती. स्टोअररूममध्ये एक जुना लाकडी फळा पडला होता. चारपैकी तीन बाजूंना चौकट शाबूत, चौथ्या बाजूची निघालेली. मधोमध पावसाने फुगून तो थोडा खाली बसला होता. तो मी दोन बाकांवर आडवा ठेवला, त्यावर खडूने अमेरिकेचा नकाशा काढला. लादी त्यावरून ओढायची, काळा रंग खरवडला जाईल, ओरखडे दिसतील, मग मी सांगेन.

प्राचार्य मागच्या बाकावर येऊन बसले. पप्पा दाराबाहेर थांबले. मी त्यांना आत या म्हणाले नाही आणि ते आले नाहीत.

मी बारदाना सोडला. आत पांढरंशुभ्र नवं कापड होतं. कापड सोडलं आणि माझे हात थांबले. आत काच होती. मी जन्मात पाहिली नव्हती इतकी स्वच्छ लादी. नेहमीच्या लादीत मधोमध पांढरट रेघ असते. पाणी कडेने गोठत आत येतं आणि सगळी घाण मध्ये ढकलत जातं. ती रेघ घालवायची तर गोठत असताना मधलं पाणी उपसून काढावं लागतं, चांगलं पाणी भरावं लागतं, नळीने हवा सोडत बसावं लागतं. पप्पांनी ते सगळं केलं होतं. त्यातून पलीकडचं फळ्यावरचं खडूचं अक्षर वाचता येत होतं.

मुलं उठून पुढे आली होती. मी कापडाने लादी धरली आणि फळ्यावरून ओढली. ती गेली, अगदी आवाज न करता. दुसऱ्यांदा ओढली. तिसऱ्यांदा. काळ्या रंगावर एक ओरखडा उठला नाही. फक्त माझा अमेरिकेचा नकाशा पुसला गेला आणि फळा लखलखीत झाला.

“मॅडम,” मागचा तो मुलगा म्हणाला, “फळा पुसायला एवढा बर्फ लागतो काय?”

वर्ग हसला. प्राचार्यांनी घसा खाकरला, पण तेही हसू दाबत होते. मी इंग्रजीत काहीतरी म्हणाले. काय ते आता आठवत नाही. 

तेवढ्यात दारातून पप्पा म्हणाले, “कशाला पाहिजे होता हा? सरबताला न्हाई?”

सगळे त्यांच्याकडे वळले.

“नाही,” मी म्हणाले. “फरशी खरवडायला. आपल्या कारखान्यात खरवडते तशी.”

 पप्पा चपला काढून आत आले आणि वर्गात कुणीच नसल्यासारखं मला म्हणाले, “अगं, मग सांगायचं न्हाई का? दोनदा धुतलाय मी तो. धुतलेला बर्फ कसा ओरखडंल? बर्फ तर मऊच असतो. फरशी खाती ती त्याला चिकटलेली खडी.”

हे वाक्य मी इंग्रजीत किमान तीन पुस्तकांतून वाचलं होतं.

“काका, बरोबर,” पहिल्या बाकावरची ती मुलगी म्हणाली. “पॉलिश पेपरला पण वाळूच असती की. कागदानं थोडंच घासतं?”

“हुशार हाय ही,” पप्पा म्हणाले. “दहा मिनिटं द्या. आणतो खडी लावून.” लादी परत खांद्यावर घेऊन ते बाहेर मैदानात गेले.

दहा मिनिटं. मागे प्राचार्य, पुढे साठ चेहरे, पुसलेला फळा. खिडकीतून दिसत होतं: पप्पांनी मैदानाच्या कडेच्या मुरुमावर लादी ठेवली, तिच्यावर बारदाना टाकून उभे राहिले आणि सावकाश डाव्या-उजव्या पायावर डोलू लागले. मुलंही बघत होती.

“मॅडम, ते काय करायलेत?”

उत्तर येत होतं, म्हणून मी दिलं. “वजनाने बर्फ खालून जरासा वितळतो, खडे आत जातात, आणि वजन हललं की परत गोठून खडे पकडून ठेवतो. अमेरिकेत हिमयुगात आलेल्या त्या बर्फाला तर पायही द्यावे लागले नाहीत. तो स्वतःच दोन-तीन किलोमीटर जाड होता. स्वतःच्या वजनानेच सरकायचा.”

“जाड? उंच म्हणा की.”

“उंच. म्हणजे इथून वर बघितलं तर बर्फच बर्फ.”

कुणीतरी “आगागा” केलं. ते ऐकल्यावर मला पुढचं सुचलं. मी पर्स उघडली. तिच्यात एक गारगोटी असते, नेहमीच. आमचं आजोळ रेणापूरजवळ आहे आणि मामांच्या शेतात काळ्या मातीत अशा गारगोट्या निघतात. आत गोल गोल रेघा, मध, दूध आणि काजळी एकात एक ओतल्यासारख्या. मी ती पहिल्या बाकावर दिली.

“ही माझ्या मामांच्या शेतातली. त्या पाच सरोवरांतलं सगळ्यात मोठं जे आहे ना, त्याच्या काठावर पण अशाच मिळतात.”

“अमेरिकेत? आमच्या रानासारख्या?”

“अशाच. कारण तिथेही लाव्हा आहे. आपल्यापेक्षा कितीतरी जुना. शंभर कोटी वर्षांच्याही आधी तिथली जमीन मधोमध फाटायला लागली होती. फाटता फाटता थांबली. पण त्या फटीतून लाव्हा आला, थरावर थर. खालचं पोट रिकामं झालं आणि वर वजन वाढलं. मग काय झालं असेल?”

 मी हाताने दाखवलं. “घरी सुंभाची जुनी बाज आहे कुणाकडे?”

“आमच्याकडं हाय,” मागचा मुलगा म्हणाला. “मधी बसलं की बूड भुईला लागतंय.”

“तसंच. मधे झोळ पडला. म्हणजे बर्फ यायच्या आधीच तिथे खोलगट जागा होती. बाकीच्या सरोवरांच्या जागी नंतर समुद्र आले, गेले, कुठे मऊ खडकाचे थर बसले, कुठे कठीण. नद्यांनी मऊ पट्टे पोखरले. मग बर्फ आला. तो कुठून जाईल, वाट असेल तिथून की नसेल तिथून?”

“वाटेनंच जाईल,” तीन-चार जण म्हणाले.

“तो वाटेनेच गेला. एकदा नाही, कितीतरी वेळा. थंडी वाढली की उत्तरेकडून यायचा, ऊब आली की मागे हटायचा. दर वेळी त्याच वाटा जास्त खोल.”

मी खिडकीकडे बघत नव्हते, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

पप्पा परत आले तेव्हा लादीचा तळ काळातांबडा झाला होता. खडे भाजीवरच्या भरड कुटासारखे चिकटलेले. “आता ओढ,” ते म्हणाले. मी एका बाजूने धरली, त्यांनी दुसऱ्या. चौकट शाबूत असलेल्या टोकाकडून उघड्या टोकाकडे. कर्रर्र असा आवाज झाला की पहिल्या दोन बाकांनी कान झाकले. फळ्यावर लांबच लांब पांढरे ओरखडे उठले, सगळे एकाच दिशेने.

“फळा कॉलेजचाय, मॅडम!” मागून प्राचार्य ओरडले.

“हो सर,” मी म्हणाले आणि दुसऱ्यांदा ओढली.

चार-पाच खेपांनंतर जुन्या लाकडाचा मऊ भाग दिसायला लागला. तिथे चर खोल गेले. एका ठिकाणी गाठ होती. ती तशीच राहिली. मी मुलांना बोट लावून बघायला सांगितलं. बर्फ गेल्यानंतर तो कुठून कुठे गेला हे खडकावरच्या अशाच ओरखड्यांवरून ओळखतात, हे सांगायची गरज पडली नाही. एका मुलीने स्वतःच सांगितलं, “इकडून तिकडं गेलाय ना मॅडम? खडी समदी तिकडं जमा झालीय.”

खरंच झाली होती. दर खेपेला सुटलेला मुरूम उघड्या टोकाला साचत गेला होता. लादी त्या मुरुमाच्या जरा मागे टेकवून आम्ही थांबलो. वर्गाचा पत्रा उन्हाने तापला होता. बर्फ भराभर वितळायला लागला. पाणी फळ्याच्या झोळात साठलं, ओरखड्यांतून पसरलं, आणि उघड्या टोकाकडे निघालं. नेमकी तिथेच ती देगलूरकडची मुलगी बसली होती. तिने घाईने वही-दप्तर मांडीवर घेतलं.

पाणी मुरुमाच्या त्या वेड्यावाकड्या रांगेपर्यंत आलं आणि थांबलं.

ती मुलगी उभी राहिली. पाण्याकडे, मग मुरुमाकडे, मग माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, ही काय भिंत!”

“हीच,” मी म्हणाले.

“म्हंजे बर्फानंच बांधली? स्वतः?”

“जाताना जे खरवडलं ते पुढे टाकलं, आणि तो मागे हटल्यावर त्याचंच पाणी त्याच्या आड थांबलं. सगळीकडे अशी नाही, बऱ्याच ठिकाणी कठीण खडकाचाच काठ आहे. पण काही ठिकाणी अशीच.”

वर्गात एकदम गलका झाला. मागचे बाकांवर चढले. तेवढ्यात रांगेच्या एका कोपऱ्यातून पाणी झिरपून बारीक धार खाली पडायला लागली. पप्पांनी सवयीने चटकन तिथे अंगठा दाबला.

“राहू द्या पप्पा,” मी म्हणाले. “ती नदी आहे.”

त्यांनी अंगठा काढला. धार पुन्हा सुरू झाली. “खरंय,” ते हळूच म्हणाले. “तळं भरलं की कुठूनतरी जाणारच.” मुलं एकमेकांना कोपरं मारत होती. मॅडमचे पप्पा, मॅडमचे पप्पा. मला कानापर्यंत गरम झालं, पण वाईट वाटलं नाही.

घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. प्राचार्य पुढे आले, पाण्यात एक बोट बुडवलं आणि ओरखड्यांवरून फिरवलं.

“सोमवारचा तास तुमचाच,” ते म्हणाले. “पुढचे बी. पण हे पाणी पुसून घ्या.” मग पप्पांकडे वळून, “अन् तुम्ही सरबतासाठी बर्फ आणलाव म्हणे? आहे ना थोडा उरलेला?”

“हाय की. वरची बाजू स्वच्छ हाय,” पप्पा म्हणाले. सगळ्या स्टाफरूमने त्या दिवशी लिंबू सरबत घेतलं आणि इतका पारदर्शक बर्फ कसा करतात हे पप्पांना विचारलं. पप्पांनी सांगितलं. ते लाजाळू आहेत हे मला माहीत होतं. तरी ते चांगलं बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं.

स्टँडवर गाडीची वाट बघताना ते म्हणाले, “सांगितलं असतंस तर डब्यातच खडी घालून गोठवला असता. झकास झालं असतं.”

मग मी सांगितलं. सोमवारचा चहा, वह्या, रिटायर्ड सर, सगळं. मराठीतच सांगितलं, आणि ते अर्धा तास पुरलं.  संपल्यावर त्यांनी विचारलं, “अन् तो एवढा बर्फ गेल्यावर खालच्या जमिनीचं काय झालं?”

“दबली होती ती वर यायला लागली. अजून येते आहे, हळूहळू. दहा हजार वर्षांनंतरही.”

त्यांनी विचार केला. “आमची लाकडाची फळी बी लाद्या उचलल्या की वर येती. पण लगेच न्हाई येत. दाब बसलेला असतो ना.” गाडी आली. चढताना सकाळच्याच कंडक्टरने त्यांच्याकडे आणि रिकाम्या बारदान्याकडे बघितलं आणि त्यांना खिडकीची जागा दाखवली.

महिन्याभराने मी चाचणी घेतली. मोठी सरोवरं कशी तयार झाली, असा प्रश्न होता. त्या मुलीने पान भरून लिहिलं होतं. ओरखडे, मऊ खडक, बाजेतला झोळ, सगळं. शेवटी असं: “या तळ्यांची भिंत बर्फाने स्वतः बांधली. तिला ठेकेदार लागला नाही, म्हणून ती अजून टिकून आहे.”

मी पप्पांना फोन केला आणि ते वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे कारखान्याची मोटर चालू होती. म्हणून दोनदा वाचावं लागलं, दुसऱ्यांदा चांगलं मोठ्याने.

“पैकीच्या पैकी दे तिला,” पप्पा म्हणाले. “अन् पुढच्या वेळी काय पाहिजे ते आधी सांग.”

मी सांगितलं. काय पाहिजे आणि कशासाठी, दोन्ही. अजून दोन मिनिटं लागली.